सणाचे एकटेपण आणि मित्रांची सोबत

दिवाळीच्या आठवड्यात आमच्यासारख्या सामान्य डॉक्टरांच्या दवाखान्यात कोणते रुग्ण येतात, हे आता वाचकांनाही पाठ झाले असेल. फटाक्याने भाजलेला हात, धुराने उसळलेला दमा, तळणाने उठलेले पित्त, आणि "दोनच करंज्या खाल्ल्या हो" असे शपथेवर सांगणारा, साखर तीनशेच्या वर गेलेला मधुमेही. या सर्वांविषयी वर्तमानपत्रांतून दरवर्षी भरपूर लिहून येते. परंतु याच चार दिवसांत आणखी एक रुग्ण येतो, त्याच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. तो गर्दी ओसरल्यावर येतो. खुर्चीच्या कडेवर बसतो. "तसं विशेष काही नाही, डॉक्टर. जरा धडधडतंय. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही." नाडी पाहावी तर ठीक असते, रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा चढलेला असतो, जिभेला कोरड असते. मग मी विचारते, "दिवाळीला घरी कोण कोण आलंय?" या प्रश्नाचे उत्तर यायला जरा वेळ लागतो.

सणाला घरचे माणूस जवळ नसणे ही आपल्या सातारा जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. येथील किती तरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एक तरी माणूस लष्करात आहे आणि त्याची दिवाळी सीमेवरच्या ठाण्यात होते. एस.टी.चे चालक-वाहक, पोलीस, परिचारिका, वीज मंडळाचे तारमार्ग कर्मचारी, अग्निशमन दलाचे जवान यांना तर सण म्हणजे जादा काम. पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले "या वेळी नको, परीक्षेनंतर येतो" म्हणून घरी कळवतात. आणि उलट बाजूने पाहिले तर मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी, आणि चार खोल्यांच्या घरात एकटे वडील किंवा एकटी आई, अशी घरे आता प्रत्येक आळीत आहेत. यात कोणाचा दोष आहे असे मला वाटत नाही. मुलाला रजा मिळत नाही, सुनेला प्रवास झेपत नाही, तिकीट परवडत नाही. कारणे खरी असतात. पण शरीर कारणे ऐकून घेत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एकटे राहणे आणि एकटे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या शेतातल्या घरात वर्षानुवर्षे एकटे राहून ठणठणीत असलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि भरल्या घरात, सुना-नातवंडांच्या गलबल्यात आतून पार एकट्या पडलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. शिकागो येथील मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी आयुष्याची बरीच वर्षे या एकाच विषयावर खर्च केली. त्यांचे म्हणणे असे, की एकटेपणाची भावना ही भूक किंवा तहान यांसारखीच एक सूचना आहे. भूक लागली म्हणजे शरीर सांगते, अन्न शोध. एकटे वाटले म्हणजे शरीर सांगते, माणूस शोध. सूचना येणे हा आजार नव्हे. ती दिवसेंदिवस येत राहिली आणि तिला उत्तरच मिळाले नाही, तर मात्र शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखे वागू लागते. कॉर्टिसोलसारखी ताणाची संप्रेरके वाढतात, रक्तदाब चढतो, आणि झोप तुकड्यातुकड्याने होते. कॅसिओपो यांच्याच पाहणीत असे आढळले होते, की एकटे वाटणारी माणसे अंथरुणात इतरांइतकाच वेळ घालवत असली, तरी त्यांची झोप मधूनमधून अधिक वेळा मोडते. आमच्याकडे येणाऱ्या "डोळ्याला डोळा लागला नाही" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. ती तक्रार कल्पनेतली नसते.

या विषयाचा अभ्यास काही आजकालचा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अलामेडा नावाचा परगणा आहे. तेथील सुमारे सात हजार प्रौढ माणसांवर नऊ वर्षे लक्ष ठेवून बर्कमन आणि साइम या संशोधकांनी १९७९ साली निष्कर्ष मांडला, की ज्यांचे जोडीदार, नातलग, मित्र, मंडळे यांच्याशी संबंध कमी होते, त्यांच्यात त्या नऊ वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक होते. पुढे २०१० साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांचे लागेबांधे घट्ट होते त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणाची बाधा आहे, आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या आसपास मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. ब्रिटनने तर २०१८ साली एकटेपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडेच सोपवली. आपल्याकडे पूर्वी हे काम पारावर आपोआप होत असे, त्याला खाते लागत नसे. पण ते असो.

या आकड्यांकडे पाहताना थोडे भानही ठेवावे. आजारी माणूस घराबाहेर पडत नाही म्हणूनही त्याचे मित्र कमी होतात, तेव्हा काय आधी आणि काय नंतर, हे अशा पाहण्यांतून दर वेळी सांगता येत नाही. मात्र १९९७ साली पिट्सबर्ग येथे शेल्डन कोहेन यांनी केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. त्यांनी २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि कोणाला सर्दी होते ते पाहत बसले. ज्यांचे केवळ एक ते तीन प्रकारचेच संबंध होते, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा अधिक प्रकारचे संबंध असणाऱ्यांच्या चौपट निघाला. नीट लक्ष द्या, येथे माणसांची संख्या नव्हे, तर संबंधांचे प्रकार मोजले होते. म्हणजे घरचे, शेजारचे, कामावरचे, देवळातले, तालमीतले. ज्याचे सगळे जग केवळ त्याच्या कुटुंबात सामावलेले आहे, त्याच्यासाठी कुटुंब दूर गेले की दुसरे दारच राहत नाही. सणाला हे ठळक दिसते, कारण एरवीच्या दिवशी माणूस कामात असतो.

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या गुरुजींविषयी सांगते. त्यांची संमती घेतली आहे. नाव मात्र देत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, वय बहात्तर. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा बंगळूरला. त्या वर्षी सुनेला आठवा महिना होता आणि तिच्या डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावले होते, त्यामुळे दिवाळीला कोणी येणार नव्हते. गुरुजी मधुमेही, सकाळी नाश्त्यापूर्वी इन्शुलिन घेणारे, शिवाय साखरेची एक गोळीही चालू. माणूस शिस्तीचा. इन्शुलिन घेतल्यावर अर्ध्या तासात खायचे, हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

नरक चतुर्दशीला पहाटे उठून त्यांनी स्वतःच उटणे लावून स्नान केले, नवा सदरा घातला, देवापुढे दिवा लावला. सात वाजता इन्शुलिन घेतले, गोळी घेतली. मुलाने सांगितले होते, "बाबा, साडेसातला व्हिडिओ कॉल करतो, आपण एकत्रच फराळ करू." म्हणून त्यांनी ताट वाढून ठेवले, मोबाईल चिवड्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि वाट पाहत बसले. इकडे सुनेला पहाटे दुखू लागल्यासारखे झाले म्हणून मुलगा तिला घेऊन दवाखान्यात गेला होता, आणि वडिलांना सणाच्या दिवशी घोर नको म्हणून त्याने कळवले नाही. पोरगा काही चुकला असे मी म्हणणार नाही. गुरुजीही चुकले नाहीत. मुलाबरोबर फराळ करायचा म्हणून कोणताही बाप अर्धा तास थांबेल. परंतु त्यांच्या पोटात इन्शुलिन नसून रक्तात होते, आणि ते थांबत नव्हते.

गुरुजींची रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाणारी एक चौकडी आहे. एक निवृत्त एस.टी. चालक, एक शिंपी, एक सायकल दुकानदार आणि हे. फिरून आले की चहाच्या गाड्यावर अर्धा तास गप्पा. सणाच्या दिवशी फिरणे बंद, पण आठ वाजता चहाला जमायचे असे आदल्या दिवशी ठरले होते. आठ वाजून दहा मिनिटे झाली तरी गुरुजी आले नाहीत. शिंपी म्हणाले, पूजेला बसले असतील. चालक म्हणाले, "गुरुजी शाळेला कधी पाच मिनिटं उशिरा गेले नाहीत, चहाला कसे जातील?" आणि ते उठून थेट घरी गेले. दार नुसते लोटलेले होते. गुरुजी खुर्चीत, नवा सदरा घामाने चिंब, हात थरथरत आहेत, बोलणे जड झालेले, आणि मित्राला ओळखेनात. भरलेले ताट समोर.

या चालकांच्या पत्नीलाही मधुमेह आहे, त्यामुळे त्यांना लक्षणे ठाऊक होती. त्यांनी आधी गुरुजींना घोट गिळता येतो का ते पाहिले, मग अर्धा पेला पाण्यात चार चमचे साखर ढवळून थोडी थोडी पाजली, आणि रिक्षा करून माझ्याकडे आणले. साखर पाजल्यानंतरही ग्लुकोमीटरवर आकडा ५८ होता. पुन्हा साखर दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग पोळी-भाजी खायला लावली. अंगावर असलेल्या गोळीचा परिणाम दिवसभर रेंगाळू शकतो आणि साखर पुन्हा खाली येऊ शकते, म्हणून त्यांना इस्पितळात ठेवून रात्रभर तपासण्यास सांगितले. तिघे मित्र पाळीपाळीने तेथे बसले. साडेदहाला मुलाचा फोन आला तो चालकांनी घेतला. सुनेचे दुखणे खोटे निघाले होते, ती ठीक होती. इकडचेही ठीक आहे हे त्यांनी ज्या शांतपणे सांगितले, तो शांतपणा आम्हा डॉक्टरांनाही नेहमी साधत नाही.

नंतर मी त्यांना विचारले, की तुम्हाला उठून जावेसे का वाटले? ते म्हणाले, "बाई, तीस वर्षांच्या नोकरीत निम्म्या दिवाळ्या मुक्कामी गाडीवर काढल्या. गावात गाडी लावली की अंधारात बसून राहायचो. पण एकाही गावात उपाशी झोपलो नाही. कोणी तरी कंदील घेऊन यायचंच, 'डायवर, जेवलात का?' म्हणून." मुक्कामाच्या एस.टी.च्या चालक-वाहकांना गावाने फराळाचे ताट आणून द्यायचे, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ज्याच्या दाराशी कधी कोणी असा कंदील घेऊन आले आहे, त्याला दुसऱ्याच्या दहा मिनिटांच्या उशिराचा अर्थ लवकर कळतो, असे मला वाटते.

मधुमेह असलेल्यांनी यातून दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. ताट समोर आल्याशिवाय इन्शुलिन नाही, आणि इन्शुलिन घेतल्यावर कोणाचीही वाट पाहायची नाही, मग तो मुलगा असो की देव. घाम, थरथर, एकदम लागलेली भूक, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही साखर कमी झाल्याची चिन्हे आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, साखर श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. करंजीने किंवा लाडवाने साखर लवकर चढत नाही, कारण त्यांतील तूप पचनाला वेळ लावते. साधी साखर किंवा ग्लुकोजच द्यावे.

माझ्या स्वतःच्या उमेदवारीच्या काळातली, १९९० च्या दशकातली, एक दिवाळी मला येथे आठवते. वसतिगृहाची खानावळ सुटीसाठी बंद. लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाजलेल्या मुलांच्या कक्षात मी आणि केरळहून आलेल्या एक सिस्टर अशा दोघी. घरची आठवण काढायलाही उसंत नव्हती, हे त्या रात्रीचे नशीब. माझ्या बरोबरीची एक मुस्लिम मैत्रीण दुपारची पाळी संपवून गेली होती. ती रात्री नऊला परत आली, हातात पितळी डबा. त्यात पुलाव होता आणि वर कागदात बांधलेल्या चार चकल्या. चकल्या तिने कोणाच्या घरून मागून आणल्या हे तिने कधी सांगितले नाही. दोन दिवसांनी, भाऊबीजेला, तिने माझी पाळी घेतली आणि मला घरी पिटाळले. पुढे ईदच्या दिवशी तिची पाळी मी केली. सरकारी रुग्णालयांतून ही देवघेव आजही चालते. नाताळला एकजण थांबतो, दिवाळीला दुसरा. वेळापत्रकात त्याची नोंद "आपसात बदल" अशा दोन शब्दांत होते.

हल्ली दवाखान्यात ऊसतोडीच्या टोळ्यांतील माणसेही पाहते. गळीत हंगाम सुरू होतो तो नेमका दिवाळीच्या आगेमागे. बीड आणि आसपासच्या भागांतून नवरा-बायकोचा 'कोयता' मुकादमाची उचल घेऊन इकडे येतो, आणि लेकरे पुष्कळदा गावी आजीजवळ राहतात. दिवाळीच्या पहाटे इकडे फडात ऊस तुटत असतो आणि तिकडे आजी नातवंडांना न्हाऊ घालते. एकदा तापाने फणफणलेल्या एका बाईला तिघीजणी उचलून घेऊन आल्या. तिघींचाही त्या दिवसाचा रोज बुडाला होता. जी सर्वांत पुढे होऊन माहिती देत होती तिला मी विचारले, "तुमची कोण लागते ही?" ती म्हणाली, "कोन न्हाई. शेजारची कोपी." आमच्या केसपेपरवर 'रुग्णाशी नाते' असा एक रकाना असतो. त्यात मी 'शेजारची कोपी' असेच लिहिले.

आता थोडे आपल्या संकोचाविषयी. सणाला एकट्या असलेल्या माणसाला बोलावणे येत नाही असे नाही. येते, पण तो जात नाही. "त्यांच्या घरच्या सणात आपण कशाला?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते एखाद्या आजाराचे लक्षण म्हणून नोंदवावे असे वाटते. विशेषतः विधुर पुरुष यात पुढे असतात. बायकांचे बरे असते. त्या चकलीचा सोऱ्या मागायला म्हणून जातात आणि तीन तास तळण करून परत येतात. पुरुषाला जाण्यासाठी निमित्त लागते. तेव्हा बोलावणाऱ्यांनी "या कधी तरी फराळाला" असे मोघम बोलावू नये. वार सांगावा, वेळ सांगावी, आणि जमले तर काम सांगावे. "काका, आकाशकंदिलाची वायर तुम्हीच जोडून द्या" म्हटले की काका अर्धा तास आधीच येतात. आणि ज्याला बोलावणे आले आहे त्याने एकदाच नाही म्हणावे, दुसऱ्यांदा पायात चप्पल घालावी.

आपल्या जुन्या रीतींत ही समज होतीच. ज्या घरात वर्षभरात माणूस गेले असेल, तेथे पहिल्या दिवाळीला तळण होत नाही. शेजारीपाजारी आणि सोयरे फराळाचे डबे पोहोचवतात. त्या डब्यातले लाडू गौण असतात. चार दिवसांत दहा माणसे त्या उंबऱ्यावर येऊन जातात, घरातले जेवतात की नाही, झोपतात की नाही हे पाहून जातात. फ्लॅटच्या संस्कृतीत ही रीत मागे पडत चालली आहे. "त्यांना त्रास नको" म्हणून आपण बेल वाजवत नाही. माझे वैद्यकीय मत असे, की वाजवावी.

मित्रांच्या बाबतीत आपले आणखी एक आहे. आपण त्यांचे आभार मानत नाही. मानले तर त्यांना राग येतो. "दोस्तीत कसले आभार?" म्हणून गुरुजींच्या त्या चालक मित्रानेही त्यांना झापले होते. परंतु २०१८ साली अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी लोकांना आपल्या उपकारकर्त्यांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली, तेव्हा एक गंमत आढळली. लिहिणाऱ्यांना वाटत होते, समोरच्याला अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना त्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक आनंद झाला आणि अवघडल्यासारखे कमी वाटले. त्याआधी २००३ साली एमन्स आणि मॅककलो यांच्या एका प्रयोगात, ज्यांनी दहा आठवडे दर आठवड्याला चांगल्या गोष्टींची नोंद केली, त्यांच्या शारीरिक तक्रारी कटकटींची नोंद करणाऱ्यांपेक्षा कमी राहिल्या. हे काही औषध नव्हे, आणि कृतज्ञतेने साखर उतरते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण आपल्या बाजूने कोण कोण उभे आहे याची मोजदाद माणसाने मनाशी केली, तर रात्री छातीतली धडधड थोडी खाली बसते, हे मी रुग्णांत पाहिले आहे. गुरुजींनी आभार मानले नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर त्यांनी चालकांच्या नातीची गणिताची शिकवणी सुरू केली. फी विचारल्यावर गुरुजींनी त्यांना झापले. फिटंफाट झाली.

मित्र म्हणजे डॉक्टर मात्र नव्हेत, हेही सांगून ठेवते. कट्ट्यावर रक्तदाबाच्या गोळ्यांची अदलाबदल करणारे महाभाग आहेत. "मला ही लागू पडली, तूही घे." कारल्याचा रस चालू केला म्हणून इन्शुलिन बंद करायला सांगणारे तर प्रत्येक कट्ट्यावर एक असतातच. अशा मित्रावर प्रेम करावे, त्याचा सल्ला घेऊ नये. आणि एकटेपणा घालवण्यासाठी बाटली घेऊन बसणारी मैत्री ही तर वेगळीच गोष्ट. सुट्ट्यांत आणि सणांत अति मद्यपान केल्यानंतर हृदयाचे ठोके अनियमित होतात, असे १९७८ साली डॉ. एटिंगर यांनी दाखवून दिले. वैद्यकशास्त्रात त्याला 'सुट्टीचे हृदय' अशा अर्थाचे नावच पडले आहे. एकट्याने प्यायला बसणे तर सर्वांत वाईट, कारण "आता पुरे" म्हणायला शेजारी कोणी नसते.

धडधड, छातीत दडपण, दम लागणे या तक्रारी सणाच्या एकटेपणाने होतील असे वाचून कोणी घरी बसू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. नाडी, रक्तदाब, हृदयाचा आलेख, रक्तातील हिमोग्लोबिन, गरज पडल्यास थायरॉइड, हे सारे पाहून झाल्यावरच आम्ही मनाकडे वळतो. तसेच सण संपून दोन आठवडे लोटले तरी जेवणावर मन नसेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते एकटेपण राहिलेले नसते, त्याचा नैराश्याचा आजार झालेला असू शकतो. वयस्कर माणसे "उदास वाटते" असे क्वचितच म्हणतात. त्यांचे अंग दुखते, पोट साफ होत नाही, विसरायला होते. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. "आता जगून काय करायचं" असे कोणी बोलले तर ते सहज बोलले असे समजू नये, त्या माणसाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीतून बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी मदतवाहिनी आहे.

दिवाळी आता आठ दिवसांवर आली आहे. ज्यांना या वर्षी एकट्याने सण काढायचा आहे त्यांनी आजच ठरवावे, की नरक चतुर्दशीची सकाळ कोणाबरोबर आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ कोणाबरोबर. आयत्या वेळी माणूस सुचत नाही. औषधे चार दिवस पुरतील एवढी आधी आणून ठेवावीत, कारण पाडव्याला औषधाची दुकाने उशिरा उघडतात. मुलांच्या फोनची वाट पाहत बसण्यापेक्षा स्वतःचे खाणे उरकून, आपल्या वेळेला आपणच फोन लावावा. घराची दुसरी किल्ली जवळच्या एका मित्राकडे द्यावी.

गुरुजींच्या घरी दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर ठळक अक्षरांत औषधांची नावे, इन्शुलिनचे एकक, साखर कमी झाली तर काय करायचे, आणि दूरध्वनी क्रमांक आहेत. पहिला क्रमांक चालकांचा आहे, दुसरा माझा, तिसरा मुलाचा. हा क्रम मुलाने लावला. सकाळी सव्वासातला गुरुजी नाश्ता करून चालकांना एक मिस्ड कॉल देतात. साडेसातपर्यंत तो आला नाही, तर चालक चप्पल घालतात.